हातानं बनवलेली मोटार

घड्याळजींनी मोटार बनवायचं ठरवलं ते रागाच्या भरात, आणि रागाच्या भरात ठरवलेल्या गोष्टी ते नेहमी तडीस नेत. शांत डोक्यानं ठरवलेल्या तेवढ्या राहून जात. न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायचं त्यांनी अगदी शांत डोक्यानं ठरवलं होतं आणि तो नळ अजून ठिबकत होता.

राग आणला जावईबापूंनी. तसे जावईबापू भले गृहस्थ. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत नोकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रविवारी बायकोला घेऊन सासरी जेवायला आले, पोटभर जेवले, हात धुतले आणि टॉवेलला हात पुसता पुसता म्हणाले, "बाबा, दुकान आता बंद करा."

घड्याळजींच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणे. काकूंच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"का? दुकानाला काय झालंय?" घड्याळजींनी विचारलं.

"दुकानाला नाही, बाबा. मागच्या महिन्यात त्या वकिलांच्या घड्याळाचं काय झालं?"

झालं होतं ते असं, की घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग घड्याळजींच्या चिमट्यातून निसटली आणि तिचा पार गुंता झाला. वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी तपासलं आणि वय झालं म्हणून सांगितलं. एवढं तर समोरचा न्हावीही फुकटात सांगत होता. वकीलसाहेब मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. "असू द्या, असू द्या" म्हणून घड्याळ खिशात घालून निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर घड्याळजींना बरं वाटलं असतं.

"माझ्या हाताला काही धाड भरलेली नाही," घड्याळजी म्हणाले.

"तसं नाही हो. पण हाताची कामं आता राहिलीयेत कुठे? आमच्या कंपनीत पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळायचं कामसुद्धा मशीन करतं."

"मोटार?" घड्याळजी हसले. त्यांचं ते हसू काकूंच्या चांगल्या ओळखीचं होतं, त्यानंतर कधी काही बरं झालेलं नव्हतं. "मोटारीत काय आहे एवढं? मोटार मी इथं घरात बसून हातानं करून दाखवतो."

"बाबा, कशाला उगाच," लेक म्हणाली.

"नाही झाली तर दुकानाची किल्ली तुमच्या हातात. मोबाइलची कव्हरं विका नाहीतर भजी तळा. मी विचारायला येणार नाही."

जावईबापूंना खरं तर एवढं नको होतं. पण माणूस विक्री खात्यातला, समोरून सौदा आला की त्याच्या तोंडून 'ठरलं' हा शब्द आपोआप निघे. "ठरलं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतो. पण विकतची नको हं, बाबा. घरी, हातानं बनवलेली पाहिजे. आणि तिनं पंख्याची पाती फिरवली पाहिजेत."

घड्याळजींनी जन्मात मोटार बनवली नव्हती, हे काकूंना माहीत होतं. घड्याळजींनाही माहीत होतं. त्या विषयावर दोघांत काही बोलणं झालं नाही.

काकूंना दुकानाचं एवढं कौतुक नव्हतं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक स्टूल आणि भिंतीवर प्रत्येकी वेगळी वेळ दाखवणारी घड्याळं. त्यांना भीती होती ती खुर्चीची. त्यांचे वडील कामावरून निवृत्त झाले ते खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले, आणि त्या खुर्चीतून उठले ते चौघांच्या खांद्यावरच. मध्ये वर्षसुद्धा गेलं नव्हतं. तशीच एक खुर्ची काकूंच्या घरातही खिडकीजवळ होती. त्या रविवारी पाहुणे गेल्यावर काकूंनी तिच्यावर कपड्यांचा ढीग नेऊन टाकला आणि तो मुद्दामच आवरला नाही.

मोटारीचं सामान घरात येऊ लागलं. लोखंडी पाइपचा एक रुंद तुकडा, तो मोटारीचा सांगाडा. दोन लोखंडी ठोकळे, ते सांगाड्याच्या आत समोरासमोर बसायचे, आणि त्यांच्यावर तारेची एकेक कॉइल गुंडाळायची. मधल्या पोकळीत फिरायला आर्मेचर. त्यासाठी तेलाचे डबे कापून पत्र्याच्या चकत्या झाल्या, त्या एकीवर एक रचल्या, त्यांच्या खाचांतून जाड तार गेली. टॉर्चचे जुने सेल फोडून आतल्या काळ्या कांड्या निघाल्या, त्यांचे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे ब्रश झाले. दांड्यासाठी सरळ, गुळगुळीत पोलादी सळई कुठे मिळेना. मग एके सकाळी काकूंना विणायची सुई मिळेना. लेकीचा स्वेटर बाह्यांपाशी अडून राहिला.

"अहो, माझी सुई?"

"ती आता आर्मेचरमध्ये आहे," घड्याळजी म्हणाले. सुई शिकायला परगावी गेली असावी, असा त्यांचा सूर होता.

जेवताना मोटारीशिवाय दुसरा विषय नसे. "हे बघ," एका घासाला ते सांगत, "वीज कॉइलमधून गेली की एक ठोकळा चुंबकाचा उत्तर ध्रुव होतो, समोरचा दक्षिण. मधला भाग बिचारा दोघांच्या ओढाताणीत गोल फिरतो." दुसऱ्या घासाला ते तारेवरच्या लाखेवर येत. तारेला वरून लाखेचा पातळ थर असतो. तो खरवडला, तार तारेला टेकली, की वीज आडवाटेनं पळते आणि सगळी कॉइल फुकट. काकू हूं हूं करत. ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं, पण गुंडाळण्याबद्दल घड्याळजी कधी काही बोलले नाहीत. ते काम त्यांचं होतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आर्मेचर तीनदा बिघडून चौथ्यांदा जमलं. जाड तार होती, वेढे थोडे होते, हातानं निभावून नेलं. पहिली कॉइलही झाली. तार बारीक, वेढे शेकड्यांनी, आठवडा गेला, पण झाली. दुसऱ्या कॉइलला मात्र हातानं संप केला.

खिडकीशी बसून घड्याळजी मोठ्यानं मोजत होते आणि काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस. मग तार उडाल्याचा आवाज. मग शांतता. मग एकशे तीस. काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा एकशे साठावर शांतता आणि मग एकदम दोनशे. असं करत करत संख्या जिथे पोहोचायची तिथे एकदाची पोहोचली. घड्याळजींनी कॉइलवर सुती पट्टी गुंडाळली, आतल्या टोकाला तांबडा दोरा बांधला, बाहेरच्या टोकाला पांढरा, आणि म्हणाले, "झाली." कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायला गेलेला माणूस जसं बोलतो तसं ते म्हणाले. जेवणात त्यांनी मोटारीचं नाव काढलं नाही. दुपारी झोपले तेही भिंतीकडे तोंड करून.

काकूंनी पट्टी सोडली ती फक्त बघायला. निदान स्वतःला त्यांनी असं सांगितलं.

आत सगळं गुंतवळ होतं. वेढ्यांवर वेढे आडवेतिडवे चढलेले, मध्येच गाठ, आणि पकड लागून लाख खरवडली होती तिथे तांबं उघडं पडून चमकत होतं. मोटारीतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही कळलं असतं की हे चालणार नाही. काकूंनी झोपलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. एवढं मोठं ओझं घेऊन कुणी माणूस असा मुकाट झोपतो का, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी सगळी तार उलगडून बाजूला टाकली. रिळावर नवी तार बरीच शिल्लक होती.

सुरुवात त्यांनी उजव्या हातानं केली, कारण लोक तशीच करतात. आठ-दहा वेढ्यांतच तार वेडीवाकडी चालायला लागली. काकूंचा उजवा हात शिकवलेला होता. शाळेत बाईंनी त्यांचा डावा हात रिबिनीनं बाकाला बांधून ठेवून त्यांना लिहायला शिकवलं होतं. जेवण, लिहिणं, पाहुण्यांना पाणी देणं, सगळं चारचौघांतलं काम उजवा हात गुमान करत असे. पण काकू एकट्या असल्या की काम आपलं आपण डावीकडे पळे. लोकरीचे सगळे गुंडे डाव्या हातानं झाले होते. घड्याळजींना हे माहीत होतं. लग्न झाल्या वर्षी एकदा काकू दुकानात जाऊन बसल्या होत्या आणि हौसेनं चिमटा उचलून त्यांनी एका घड्याळाचा स्क्रू बसवला होता, अगदी अलगद, पण डाव्या हातानं. गिऱ्हाईक हसलं. घड्याळजींचा चेहरा पडला. "अशा हातानं घड्याळाला हात लावत नाहीत. तू घरी जा," ते म्हणाले होते. काकू घरी आल्या. त्यानंतर डबा द्यायलाही त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत, डबा खालूनच देत. भांडण वगैरे काही नव्हतं. राहिलं ते राहिलंच.

काकूंनी खोलीत पाहिलं. बघणारं कुणी नव्हतं. त्यांनी तार डाव्या हातात घेतली.

मग काय विचारता! तार वेढ्याला वेढा लावून बसू लागली. एक थर, त्यावर दुसरा, लोकरीपेक्षा सोपं, कारण लोकर निदान सैल पडते. आकडाही चुकला नाही. घड्याळजींनी कूस बदलली तेव्हा पट्टी परत बसली होती, आत तांबडा दोरा, बाहेर पांढरा, सगळं जसंच्या तसं. कॉइल डब्यात होती आणि काकू चहा ढवळत होत्या.

घड्याळजींनी संध्याकाळी डबा उघडला, कॉइल हातात घेतली, बोटानं दाबून पाहिली. "वाटली होती त्यापेक्षा बरी झालीये की," ते म्हणाले. स्वतःबद्दलची चांगली बातमी माणूस कधी पुरावा मागून घेत नाही. ते शीळ घालायला लागले. काकूंना आनंद झाला आणि आपण चोरी केली आहे असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, त्यामुळे त्यांनी चहात साखर दोनदा घातली.

ठरल्या रविवारी जावईबापू आले. येताना मिठाई आणली होती. हरलेल्या माणसाचं तोंड गोड करावं एवढा विचार त्यांनी केला होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं स्वतःच्या स्कूटरची बॅटरी काढून दिली होती, ती पाहुण्यांच्या पाठोपाठच आली, त्यामुळे मोटार आधी चालवून पाहायची सोय नव्हती. टेबलावर मोटार, पुढे सुईवर पत्र्याची तीन पाती, शेजारी दुकानाची किल्ली. घड्याळजींनी स्वच्छ सदरा घातला होता.

त्यांनी तार बॅटरीला टेकवली.

पाती हलली. थोडी इकडे, थोडी तिकडे. पुन्हा इकडे. मोटार फिरली नाही, जागच्या जागी थरथरत राहिली. जावईबापूंचं लक्ष सासऱ्यांच्या उजव्या हाताकडे गेलं आणि त्यांनी लगेच छताकडे पाहायला सुरुवात केली. माणूस खरंच भला होता. तारेला गरम वास सुटला तशी घड्याळजींनी ती सोडवली.

"बाबा, प्रयत्न तर केलात ना," लेक म्हणाली. यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं.

घड्याळजींनी किल्ली उचलली आणि जावईबापूंसमोर ठेवली. ठेवताना ती टेबलावर टकटक वाजली.

काकूंनी मोटारीकडे पाहिलं. आपली कॉइल! दुसरं काही असणारच नाही. आपण नको तिथे हात घातला आणि ह्यांचं दुकान घालवलं. बोलावं तर त्या दिवसाचं सगळं उघडं पडतं, ह्यांच्या हातून झालेलं गुंतवळसुद्धा. न बोलावं तर हे उद्यापासून खुर्चीत बसणार. त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. लेकीनं आल्या आल्या तिच्यावरचे कपडे आवरून ठेवले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "ती दुसरी कॉइल आहे ना..."

"थांब जरा," घड्याळजी म्हणाले. "मेलेलं घड्याळसुद्धा मी का मेलं ते बघितल्याशिवाय परत देत नाही."

त्यांनी दुकानाच्या पिशवीतून होकायंत्र काढलं. घड्याळ लोहचुंबकाच्या जवळ जाऊन बिघडलंय का ते पाहायला घड्याळवाले ते जवळ ठेवतात. पुन्हा तार टेकवून त्यांनी ते पहिल्या ठोकळ्याजवळ नेलं. त्याच्या काट्याचं तांबडं टोक ठोकळ्याकडे वळलं. मग दुसऱ्या ठोकळ्याजवळ नेलं. तांबडं टोक पुन्हा ठोकळ्याकडेच वळलं.

"दोन्ही ध्रुव सारखेच," घड्याळजी स्वतःशी म्हणाले. "म्हणजे एक कॉइल उलटी गुंडाळली गेलीये. पण माझा हात उलटा कसा चालेल?"

त्यांनी पहिल्या कॉइलची पट्टी जरा सोडली, पाहिली, परत बसवली. मग दुसरीची सोडली. आणि बघतच राहिले.

वेढ्याला वेढा चिकटून बसलेला, थरावर थर, एकही तार दुसरीवर चढलेली नाही. आणि सगळे वेढे डावीकडून. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, ज्याची काही एक गरज नव्हती, आणि पुन्हा पाहिलं. भिंग बराच वेळ डोळ्यावरून निघालं नाही. काकूंना वाटलं, आता हे ओरडतील. मग वाटलं, ओरडतील तर बरं.

"अगं, इकडे ये," घड्याळजी म्हणाले. "हे टोक धर."

काकूंनी उजवा हात पुढे केला.

"तो नको. डाव्या हातानं धर."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळजी कॉइलकडेच पाहत होते. त्यांनी तांबड्या दोऱ्याचं टोक सोडवून पांढऱ्याच्या जागी आणलं आणि पांढऱ्याचं तांबड्याच्या जागी. पीळ द्यायला त्यांचा हात थरथरला तसा त्यांनी तो सरळ मागे घेतला आणि म्हणाले, "पीळ तूच दे." काकूंनी दिला. दोनच पीळ, घट्ट.

मग तार बॅटरीला टेकली आणि मोटार फिरली.

म्हणजे नुसती फिरली नाही. पाती दिसेनाशी झाली, सुई चमकायला लागली, टेबलावरचा मिठाईचा कागद उडून जावईबापूंच्या तोंडावर बसला. त्यांनी तो काढला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. "कमाल आहे, बाबा! काय झालं होतं?"

"काही नाही. कॉइल डावखुरी होती, टोकं बदलली."

जावईबापूंनी मान डोलावली. लेकीनं मात्र आईच्या हाताकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, ही कॉइल..."

"हातानंच बनवलीये," घड्याळजी म्हणाले. "ठरलं तेवढंच होतं. कुणाच्या हातानं, ते ठरलं नव्हतं."

आता कुठे जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि विक्री खात्यातला माणूस सौद्याची भाषा जाणतो म्हणून किल्ली बोटानं हळूच परत सरकवली. पण पोटातलं ओठावर आलंच. "पण बाबा, दुकानात रोजचं काम..."

"मिठाई खा," घड्याळजी म्हणाले.

पाहुणे गेल्यावर दोघं बराच वेळ मोटार लावून वारा घेत बसले. पंख्याची काही गरज नव्हती, दार उघडंच होतं.

"मी लपवायला नको होतं," काकू म्हणाल्या.

"मीही लपवतच होतो की. मोजताना तुला ऐकू येत होतं, हे मला ठाऊक होतं." घड्याळजींनी उजवा हात मांडीवर ठेवला. तो तिथेही थरथरत होता. "हात गेला गं. खरंच गेला."

काकूंनी त्यांचा हात धरला, त्याला थरथरू दिलं. "चारातला एक गेला," त्या म्हणाल्या. "तीन आहेत."

सकाळी घड्याळजी नेहमीपेक्षा लवकर दुकानात गेले. काकू डबा घेऊन गेल्या आणि नेहमीप्रमाणे पायरीच्या खाली उभ्या राहिल्या. आतून हाक आली, "वर ये."

काउंटरमागे दोन स्टुलं होती. एक जुनं, आणि दुसरं घरचं, स्वयंपाकघरातलं. ते कधी उचलून नेलं होतं कोण जाणे. वकीलसाहेबांचं घड्याळ कापडावर उघडं पडलं होतं. ते घड्याळजींनी कधी परत मागून आणलं होतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. आतल्या स्प्रिंगचा गुंता तसाच होता.

"मी बघून सांगतो कुठे धरायचं," घड्याळजी म्हणाले. "तू धर."

काकू स्टुलावर बसल्या. चिमटा उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला, सवयीनं जरा घाबरत, आणि मध्येच थांबल्या. इतकी वर्षं कामाचा दिवा घड्याळजींच्या डाव्या बाजूला असे, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. पायरीखाली उभं राहून काकूंनी तो रोज तिथेच पाहिला होता. तिथे आता भिंतीत नुसती चार भोकं होती.

दिवा उजवीकडे बसवला होता. स्क्रू जरा वाकडे होते, पण घट्ट होते.